पिरेअसचं पाणी : ऑलिंपियाकोस आणि पोहण्याची शंभर वर्षं

11 एप्रिल 1896. अथेन्सला लागून असलेल्या पिरेअस बंदरातला झेआचा उपसागर. पाणी इतकं गार होतं की पायाचं बोट बुडवलं तरी अंगावर काटा यावा. पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमधल्या पोहण्याच्या शर्यती त्या दिवशी तिथे झाल्या. स्पर्धकांना होडीत घालून समुद्रात नेलं, पाण्यात उतरवलं आणि किनाऱ्याकडे पोहत या म्हणून सांगितलं. तरणतलाव नाही, लेन नाहीत, आखलेली रेघ नाही. हंगेरीचा अठरा वर्षांचा आल्फ्रेड हायोश अंगाला चरबीचा जाड थर फासून उतरला आणि 100 मीटर व 1200 मीटर या दोन्ही शर्यती जिंकला. जिंकण्यापेक्षा जिवंत बाहेर येण्याचीच ओढ जास्त होती, असं त्याने पुढे सांगितलं. एक शर्यत फक्त ग्रीक नौदलाच्या खलाशांसाठी होती. तिच्यात तिघेच उतरले आणि इओआनिस मालोकिनिस पहिला आला.

ऑलिंपियाकोस या क्लबची गोष्ट मला या उपसागरापासून सांगावीशी वाटते, तेव्हा क्लबचा जन्मही झालेला नव्हता तरी. कारण तो क्लब याच बंदराचा आहे.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ऑलिंपियाकोसचं नाव फुटबॉलमुळे ऐकलेलं असतं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, चॅम्पियन्स लीगमधले सामने, काराइस्काकिस स्टेडियममधला कानठळ्या बसवणारा गोंगाट. पण ऑलिंपियाकोसच्या फुटबॉल संघाने पहिला युरोपीय करंडक जिंकला तो मे 2024 मध्ये, फिओरेंतिनाला हरवून. त्याच क्लबचा वॉटरपोलो संघ त्याच्या बावीस वर्षं आधीच युरोपचा विजेता झाला होता. स्वतःला पोहण्याचा नाद असल्यामुळे असेल, पण मला हे सांगायला फार आवडतं.

आधी एक गुंता सोडवायला हवा. एकच क्लब फुटबॉलही खेळतो, बास्केटबॉलही खेळतो आणि पोहतोही, हे कसं?

ग्रीक भाषेत अशा संस्थेला ‘सिल्लोगोस’ किंवा ‘सिंदेस्मोस’ म्हणतात. म्हणजे सभासदांनी मिळून चालवलेलं मंडळ. आपल्याकडच्या जुन्या व्यायाम मंडळांची घडण डोळ्यांसमोर आणा. एकाच नावाखाली कुस्तीचा आखाडा, मल्लखांब, कबड्डी, कार्यकारिणी एक आणि झेंडाही एक. ऑलिंपियाकोस 10 मार्च 1925 रोजी स्थापन झाला, तो पिरेअसमधले दोन लहान क्लब एकत्र येऊन. नावातच ‘ऑलिंपियाकोस, पिरेअसच्या खेळप्रेमींचा संघ’ असा अर्थ आहे. चिन्हावर आहे लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेला तरुण, म्हणजे प्राचीन ऑलिंपिकचा विजेता.

पुढे खेळात पैसा आला आणि 1979 पासून ग्रीसमध्ये व्यावसायिक फुटबॉल संघ स्वतंत्र कंपन्यांमध्ये गेले. बास्केटबॉलचंही नंतर तसंच झालं. मूळ मंडळ मात्र तसंच राहिलं. लोक त्याला ‘हौशी ऑलिंपियाकोस’ म्हणतात आणि पोहणं, वॉटरपोलो, व्हॉलीबॉल, अ‍ॅथलेटिक्स हे सगळं त्याच्या छत्राखाली चालतं. नाव एक, रंग एक, चाहते तेच, पण तिजोऱ्या वेगळ्या. ‘हौशी’ शब्दाने मात्र फसू नका. इथले वॉटरपोलोपटू जगातल्या अव्वल खेळाडूंत मोडतात आणि त्यांचा दिवस कुठल्याही व्यावसायिक खेळाडूसारखाच जातो. तो शब्द कागदोपत्री कायद्याचा आहे.

क्लब 1925 मध्येच का उभा राहिला, याला इतिहासाचा एक जखमी संदर्भ आहे. 1922 मध्ये ग्रीसचा तुर्कस्तानकडून पराभव झाला, स्मिर्ना शहर जळालं आणि आशिया मायनरमधून दहा लाखांहून अधिक निर्वासित ग्रीसमध्ये आले. त्यांतले असंख्य लोक जहाजांतून पिरेअसच्या धक्क्यावर उतरले. बंदराचं गाव झपाट्याने फुगलं. गोदीतले हमाल, खलाशी, गिरणी कामगार, नुकतेच बेघर झालेले लोक अशा त्या गर्दीतून ऑलिंपियाकोसचा पहिला पाठीराखा वर्ग घडला. श्रीमंत, सुशिक्षित अथेन्सच्या क्लबांशी त्याची जी खुन्नस आहे तिचं मूळ इथे आहे. अशा गावात पोहणं हा वेगळा छंद नव्हता. पोरं धक्क्यावरून उड्या मारतच मोठी व्हायची.

तरीही पाण्यातली पहिली सत्ता ऑलिंपियाकोसची नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पिरेअसमध्येच 1923 साली स्थापन झालेला एथ्निकोस हा क्लब होता आणि विसाव्या शतकात ग्रीक वॉटरपोलो म्हणजे एथ्निकोस, असंच समीकरण कित्येक दशकं होतं. त्याच्या नावावर 38 राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. एकाच गावातले दोन क्लब, दोघांचीही मुलं त्याच किनाऱ्यावरची, आणि त्यातला एक सतत जिंकतोय. ऑलिंपियाकोसला शेजाऱ्याच्या सावलीत दीर्घकाळ घालवावा लागला. माझ्या मते पुढच्या यशाची भूक त्या सावलीतच वाढली.

आता वॉटरपोलो म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण तो न कळता या क्लबचं मोठेपण कळणार नाही. वरवर पाहिलं तर पाण्यातला हँडबॉल. प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह सात जण पाण्यात, आठ-आठ मिनिटांचे चार डाव. चेंडू एका वेळी एकाच हाताने धरायचा. दोन्ही हातांची मुभा फक्त गोलरक्षकाला, तीही स्वतःच्या गोलाजवळ. चेंडू हाती आल्यावर ठरलेल्या सेकंदांच्या आत गोलावर मारा करायचाच, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. आणि मुख्य गोष्ट म्हणजे तळाला पाय टेकवायचा नाही. पाणी खोल असतं, त्यामुळे टेकवू म्हटलं तरी शक्य होत नाही.

मग हे लोक छातीपर्यंत पाण्याबाहेर येऊन चेंडू फेकतात तरी कसे? सगळी किमया पायांत आहे. दोन्ही गुडघे बाजूला उघडून एक पाय एका दिशेने आणि दुसरा उलट दिशेने आळीपाळीने गरगर फिरवायचा. ताक घुसळताना रवी कशी आधी इकडे, मग तिकडे फिरते, तसंच काहीसं. इंग्रजीत या लाथेला ‘एगबीटर’ म्हणतात. तुम्ही तलावात हात वर करून फक्त पायांच्या जोरावर एक मिनिट तरंगून पाहा, मांड्या पेटतात. या खेळाडूंना ते सबंध सामनाभर करायचं असतं, वर दुसरा माणूस पाठीवर रेलून खाली दाबत असताना. गोलासमोर पाठ करून झुंजणाऱ्या सेंटर फॉरवर्डला तर पाण्याखाली कोण कुठे ओढतंय ते पंचालाही पूर्ण दिसत नाही. गंभीर फाऊल झाला की खेळाडूला काही सेकंद बाहेर जावं लागतं आणि तेवढ्या वेळात समोरचा संघ एक माणूस जास्त घेऊन हल्ला चढवतो. चुरशीचे बहुतेक सामने याच क्षणांवर फिरतात.

या खेळाची राजधानी बुडापेस्ट. हंगेरीत वॉटरपोलोला जो मान आहे तो आपल्याकडे क्रिकेटच्या जवळपास जाणारा. 2001 मध्ये ऑलिंपियाकोस युरोपीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचून क्रोएशियाच्या युग दुब्रोव्हनिककडून हरला होता. पुढच्याच वर्षी पुन्हा अंतिम सामना, या वेळी बुडापेस्टमध्ये आणि तिथल्याच होन्वेद संघाशी. म्हणजे त्यांचं शहर, त्यांचा तलाव, त्यांचे प्रेक्षक. प्रशिक्षक होता क्रोएशियाचा वेसेलिन जुहो, स्वतः युगोस्लाव्हियासाठी ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला खेळाडू. ऑलिंपियाकोस 9-7 ने जिंकला. हायोश पिरेअसच्या पाण्यातून सुवर्ण घेऊन गेला त्याला तेव्हा एकशे सहा वर्षं झाली होती. पिरेअसच्या पोरांनी जाऊन त्याच्या गावात करंडक उचलला. त्या वर्षी राष्ट्रीय लीग, राष्ट्रीय चषक, युरोपीय विजेतेपद आणि युरोपीय सुपर कप हे चारही एकाच संघाकडे आले.

नंतर सोळा वर्षांचा दुष्काळ. राष्ट्रीय लीग जिंकणं सवयीचं झालं, युरोप मात्र हुलकावणी देत राहिला. 2016 च्या अंतिम सामन्यात पुन्हा युग दुब्रोव्हनिक आडवा आला. 2018 मध्ये जेनोव्हा येथे गाठ पडली इटलीच्या प्रो रेक्कोशी. युरोपातली सर्वाधिक विजेतेपदं याच क्लबकडे आहेत आणि रेक्को हे गाव जेनोव्हाच्या अगदी शेजारी, म्हणजे पुन्हा परक्याच्या अंगणातला सामना. निकाल पुन्हा 9-7, पुन्हा ऑलिंपियाकोस. प्रशिक्षक थोडोरिस व्लाखोस.

व्लाखोस हे नाव लक्षात ठेवा. ते ग्रीसच्या राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक होते. 8 ऑगस्ट 2021 रोजी टोकियो ऑलिंपिकच्या शेवटच्या दिवशी ग्रीसचे पुरुष अंतिम सामन्यात सर्बियाकडून 13-10 ने हरले आणि रौप्यपदक घेऊन परतले. ग्रीसच्या पुरुष वॉटरपोलोचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. त्या संघाचा कणा होता ऑलिंपियाकोसमध्ये खेळलेल्या मुलांचा. क्लबमध्ये वर्षानुवर्षं एकमेकांच्या हालचाली पाठ झालेले खेळाडू राष्ट्रीय संघात एकत्र आले की त्यांना वेगळं ओळखीचं व्हावं लागत नाही. राष्ट्रीय संघाला वर्षातून थोडेच आठवडे एकत्र मिळतात, बाकी काम क्लब करतो.

मुलींची कहाणी थोड्या उशिरा सुरू झाली, पण वेगाने पळाली. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ग्रीसच्या महिला वॉटरपोलो संघाने रौप्यपदक जिंकलं, अंतिम सामना इटलीकडून जादा वेळेत एका गोलाने गेला. घरच्या तलावात, घरच्या माणसांसमोर. त्यानंतर मुलींना या खेळाकडे ओढायला कुणाला फारसं सांगावं लागलं नसेल. ऑलिंपियाकोसच्या महिलांनी 2015 मध्ये युरोपचं विजेतेपद मिळवलं आणि तेही पिरेअसमध्येच. नंतर 2021 आणि 2022 असं लागोपाठ दोनदा. 2021 चा अंतिम सामना पुन्हा बुडापेस्टमध्ये, पुन्हा हंगेरीच्याच दुनाउयवारोश संघाशी होता. थेस्सालोनिकीच्या तीन सख्ख्या बहिणी मार्गारिता, एलेफ्थेरिया आणि वासिलिकी प्लेव्हरितू या लाल-पांढऱ्या टोप्या घालून एकाच संघात खेळल्या आहेत. ग्रीसच्या महिलांनी 2011 मध्ये शांघायला आणि 2025 मध्ये सिंगापूरला जागतिक विजेतेपद मिळवलं. सिंगापूरच्या अंतिम सामन्यात समोर कोण होतं? हंगेरीच. 12-9.

प्लेव्हरितू बहिणी थेस्सालोनिकीच्या, यावरून एक प्रश्न निघतोच. हे यश मग पिरेअसचं म्हणायचं का? ऑलिंपियाकोससारख्या मोठ्या क्लबकडे लहान गावांतल्या क्लबांनी घडवलेली मुलं येतात. क्रीटमधल्या खानिया गावची आना दुंदुनाकी ही फुलपाखरू शैलीची जलतरणपटू, 2021 मध्ये 100 मीटरमध्ये फ्रान्सच्या मारी वातेलबरोबर बरोबरीत युरोपीय विजेती झाली, तीही ऑलिंपियाकोसकडून पोहणारी. लहानपणीच्या ज्या प्रशिक्षकाने पहाटे उठून तिला पाण्यात हात कसा घालायचा ते शिकवलं, त्याचं नाव करंडकावर येत नाही. मला हे खटकतं. पण दुसरी बाजूही खरी आहे. एका बेटावरच्या लहान क्लबकडे रोज दोन वेळच्या सरावासाठी तलावाचा वेळ, फिजिओ, तोलामोलाचे सोबती आणि परदेशी स्पर्धांचा खर्च एवढं सगळं क्वचितच असतं. पिरेअसमध्ये पापास्त्रातिओ हा तलाव आहे, तिथे ऑलिंपियाकोसच्या मुलांचा, मुलींचा, पोहणाऱ्यांचा आणि वॉटरपोलोवाल्यांचा सराव चालतो. नुकतं पोहायला लागलेलं पोर आणि ऑलिंपिक पदकविजेता एकाच इमारतीत कपडे बदलतात. शिवाय आंतरराष्ट्रीय यश मिळवणाऱ्या खेळाडूंना विद्यापीठ प्रवेशात सवलत आणि सैन्यदलात नेमणूक देण्याची तरतूद ग्रीक कायद्यात आहे. त्यामुळे सतराव्या-अठराव्या वर्षी ‘आता अभ्यास की पोहणं’ या प्रश्नापाशी घरातले लोक मुलाचा हात धरून त्याला तलावातून बाहेर काढत नाहीत. ज्याने कुठल्याही तलावात सकाळची बॅच पाहिली आहे त्याला माहीत आहे, दहावी आली की लेन कशा रिकाम्या होतात.

कोर्फू बेटावर वाढलेला एक मुलगाही असाच पिरेअसला आला. स्पिरोस यानिओतिस. जन्म इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा, आई इंग्लिश. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरच्या अंतिम फेरीत तो पाचवा आला. नंतर त्याने तलाव सोडून समुद्राची वाट धरली आणि 10 किलोमीटरच्या खुल्या पाण्यातल्या शर्यतीत 2011 ला शांघाय, 2013 ला बार्सिलोना असा दोनदा जगज्जेता झाला. मधल्या लंडन ऑलिंपिकमध्ये चौथा. पदक एका जागेने हुकलं.

10 किलोमीटर म्हणजे साधारण पावणेदोन-दोन तास सलग पोहणं. लेन नसतात, त्यामुळे वीस-पंचवीस जण एकमेकांच्या अंगावर. कोपर लागतं, चश्मा निघतो. दुसऱ्याच्या पायांमागे राहिलं की पाणी कापायला कमी ताकद लागते, म्हणून सगळे मागे राहायला बघतात आणि शेवटच्या काही मिनिटांत सुटतात. प्रशिक्षक तरंगत्या धक्क्यावर उभे राहून लांब काठीच्या टोकाला बाटली अडकवून पुढे करतात, पोहणारा पाठीवर वळून दोन घोट घेतो आणि निघतो. शेवटची ओळ ओलांडून उपयोग नाही, वर लावलेल्या उभ्या फळीवर हात आपटावा लागतो.

16 ऑगस्ट 2016, रिओ, कोपाकाबानाचा समुद्र. आपल्याकडे संध्याकाळ होती, मी टीव्हीसमोर उभा राहूनच पाहत होतो. यानिओतिस छत्तीस वर्षांचा, पाचवं ऑलिंपिक. शेवटच्या शंभर मीटरमध्ये तो आणि नेदरलँड्सचा फेरी वेर्टमन खांद्याला खांदा लावून येत होते. यानिओतिसचं डोकं आधी फळीखाली पोचलं असं डोळ्यांना स्पष्ट दिसलं. पण वेर्टमनचा हात आधी वर आला आणि फळीवर बसला. यानिओतिसचा हात क्षणभर मागे राहिला. घड्याळात दोघांची वेळ एकच, 1 तास 52 मिनिटं 59.8 सेकंद. फोटो पाहून निकाल लागला. वेर्टमनला सुवर्ण, यानिओतिसला रौप्य. दोन तासांच्या शर्यतीचा निकाल हात किती उंच उचलला यावर लागला, हे मला अजून पचलेलं नाही. ग्रीसला मात्र 1896 नंतर पोहण्यात मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक होतं (1906 च्या अथेन्सच्या खेळांना ऑलिंपिक समिती अधिकृत मानत नाही). आणि तेही समुद्रातच.

हा ‘समुद्रातच’ शब्द महत्त्वाचा. झेआला 1896 मध्ये मिळालेली ग्रीक पदकं खुल्या समुद्रातली, रिओचं पदक खुल्या समुद्रातलं. तलावात, सरळ लेनमध्ये, भिंतीला हात लावून ग्रीसचा एकही जलतरणपटू ऑलिंपिक पदक मिळवू शकला नव्हता. बेटांचा देश, पण चार भिंतींतलं पाणी त्याला वश होत नव्हतं.

अपोस्तोलोस ख्रिस्तू ऑलिंपियाकोसचा. शैली बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर पोहणं. हा एकच प्रकार असा की त्यात पोहणाऱ्याला आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, डोळ्यांसमोर फक्त छत. भिंतीपासून पाच मीटरवर आडव्या दोरीला पताका लावलेल्या असतात. त्या दिसल्या की किती हात मारल्यावर भिंत येते हे प्रत्येकाला पाठ असतं. एक हात कमी मोजला तर डोकं भिंतीवर, जास्त मोजला तर हात हवेत.

पॅरिस 2024. ख्रिस्तू आधी 100 मीटरमध्ये उतरला आणि चौथा आला. कांस्यपदक हुकलं ते सेकंदाच्या दोन शतांश भागाने. त्या वेगात दोन शतांश म्हणजे अंदाजे चार सेंटिमीटर. त्या रात्री त्याला झोप लागली असेल असं वाटत नाही.

तीन दिवसांनी, 1 ऑगस्टला, 200 मीटरची अंतिम फेरी. ख्रिस्तूने सुरुवातीपासून वेग लावला आणि दीडशे मीटरपर्यंत तो सगळ्यांच्या पुढे होता. 200 मीटरमध्ये असं पुढे जाण्याचा धोका मोठा. शेवटच्या लांबीत दंड जड होतात, खांदा पाण्यातून वर यायला नकार देतो आणि मागून येणारा लाटेच्या आवाजावरून कळतो, दिसत नाही. मागून आला हुबेर्ट कोश. हंगेरीचा. तो ख्रिस्तूला ओलांडून 1:54.26 मध्ये पहिला आला. दुसऱ्या बाजूने स्वित्झर्लंडचा रोमान मित्युकोव्हही भिडला होता. पताका डोक्यावरून गेल्या, ख्रिस्तूने हात मोजले आणि मागे झोकून दिला. 1:54.82. मित्युकोव्ह 1:54.85.

या वेळी शतांश तीन होते आणि त्याच्या बाजूने होते. सुमारे पाच सेंटिमीटर, एका काडेपेटीची लांबी. 1896 मध्ये झेआच्या गार पाण्यातून पोहत आलेल्या ग्रीकांनंतर एकशे अठ्ठावीस वर्षांनी ग्रीसला तरणतलावातल्या पोहण्याच्या शर्यतीतलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं, आणि ते घेऊन येणारा पिरेअसच्या क्लबचा होता.